मण्याचा निम्फ: ठाण्याच्या बाजारातून तीर्थनच्या ट्राउटपर्यंत

ठाण्यात ट्राउट मासा नाही, आणि आपल्या उल्हास-भातसाच्या पाण्यात तो जगणारही नाही. त्याला थंड, खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की तो खायचं सोडतो आणि धापा टाकायला लागतो. त्यामुळे आपल्याकडून ट्राउट गरवायला जायचं म्हणजे हिमाचलात तीर्थन, सैंज किंवा बरोटची उहल, नाहीतर काश्मीरात लिद्दर. रजा, तिकीट, लायसन्स असं सगळं जुळवून जेमतेम चार दिवस हाती लागतात. त्यात तळाशी चालणारे निम्फ, म्हणजे गळावर पिसं-दोरा गुंडाळून केलेले नकली पाणकिडे, दगडांत अडकून तुटणारच. तुटायची भीती बाळगून निम्फ उथळ चालवला तर मासा लागत नाही. म्हणून डबा भरलेला हवा, आणि तो स्वस्तात भरायचा तर घरी बांधण्याला पर्याय नाही.

वेळही आपोआप जमून येते. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटला बंदी असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिकडच्या नद्या गढूळ होऊन फुगलेल्या असतात. म्हणजे मार्च ते जून आणि पुढे सप्टेंबर-ऑक्टोबर, एवढाच कामाचा काळ. मधला पावसाळा बांधणीसाठीच आहे असं समजा. घोडबंदर रोडवर पाणी तुंबलेलं असताना बाहेर तरी कुठे जाणार?

आधी वजनाबद्दल

खरा निम्फ म्हणजे मेफ्लाय, स्टोनफ्लाय अशा पाणकिड्यांची पंख फुटायच्या आधीची अवस्था. हे किडे दगडांच्या खालच्या अंगाला चिकटून वाढतात, आणि ट्राउट आपलं बहुतेक पोट पाण्याखालीच भरतो. तेव्हा आपली नकली माशी (फ्लाय) तळापर्यंत पोचली पाहिजे, तीही प्रवाह तिला वाहून न्यायच्या आत. इंग्लंडमधल्या एव्हन नदीवर काम करणाऱ्या फ्रँक सॉयरने यासाठी दोऱ्याऐवजी बारीक तांब्याची तार वापरून निम्फ बांधला. वजनही तारेचं आणि बांधणीही तारेचीच. आज तेच काम डोक्याशी बसवलेला मणी करतो.

नवशिका रंगात अडकतो. ऑलिव्ह की तपकिरी, लाल पट्टा की नारंगी. माझं मत असं, की योग्य वजनाचा बेरंगी निम्फ चुकीच्या वजनाच्या देखण्या निम्फपेक्षा जास्त मासे देतो. म्हणून सामान घेताना पहिला विचार मण्याचा करा.

काचेची घनता साधारण २.५, पितळेची ८.५ आणि टंगस्टनची १९ च्या आसपास. पाण्यात बुडालेल्या वस्तूचं वजन पाणी थोडं उचलून धरतं, त्यामुळे हा फरक आणखी वाढतो: तेवढ्याच मापाच्या काचेच्या मण्यापेक्षा पितळी मणी पाण्यात पाचपट भरतो, आणि टंगस्टनचा मणी पितळीच्या दुप्पटीहून जास्त. मंगळसूत्राचे काळे मणी दिसायला झकास; संथ, गुडघाभर पाण्यात बारीक निम्फला ते चालतातही, पण तीर्थनच्या धारेत ते वरच्या वर वाहून जातील.

जांभळी नाक्याच्या बाजारात

पितळी मणी आपल्याकडे मिळणं अवघड नाही. पोत गाठवायचं, तोरणांचं, कृत्रिम दागिन्यांचं साहित्य विकणारी दुकानं जांभळी नाका आणि स्टेशन रोडच्या भागात फिरलात की सापडतात. फक्त काय मागायचं ते पक्कं ठाऊक हवं.

"काका, अडीच मिलिमीटरचे पितळी मणी दाखवा ना."

"पोतीला पाहिजेत की तोरणाला?"

"माशाला."

यावर काका चष्म्यावरून बघतात आणि पाच-सहा पुड्या समोर टाकतात. इथे दोन परीक्षा करायच्या. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. मणी त्याला चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. पाण्यात पडला की गंजणार. दुसरी परीक्षा पोकळपणाची. पाच-सहा मणी तळहातावर घेऊन हलवा. पोकळ किंवा प्लॅस्टिकचा मणी हाताला लागतच नाही. भरीव पितळी मण्याचा भार एवढ्याशा मापातही जाणवतो. शिवाय आपला गळ सोबत न्या आणि मणी दुकानातच ओवून बघा. दागिन्याच्या मण्याचं भोक सरळ आणि बारीक असतं, गळाच्या वाकावरून ते फिरेलच असं नाही. फ्लायसाठी बनवलेल्या मण्याला एका बाजूला बारीक आणि दुसऱ्या बाजूला रुंद, खोलगट भोक असतं, म्हणून तो वाकावरून सहज सरकतो. टंगस्टनचे मणी मात्र बाजारात शोधू नका, ते ऑनलाइनच मागवावे लागतात.

मापं अशी धरा: १२ नंबरच्या गळाला ३ मिलिमीटरचा मणी, १४ ला २.५ ते २.८, १६ ला २ ते २.४. नंबर वाढला की गळ लहान होतो, हे लक्षात असू द्या. सुरुवात १४ नंबरने करा. १२ वर सामान जास्त लागतं, १६ वर बोटं अडखळतात. खाडीत गरी टाकणाऱ्यांच्या दुकानातले गळ इथे चालत नाहीत. त्यांची तार जाड आणि काटा, म्हणजे टोकाजवळचा उलटा दात, मोठा असतो. निम्फचे गळ वेगळे मागवा.

तांब्याची तार वागळे इस्टेटमध्ये. मोटार वाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात ३८ गेजची तार मागा, म्हणजे जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाडीची. रिळाचं शेवटचं टोक पाच-दहा मीटर मिळालं तरी पन्नासेक निम्फ होतात. जळालेल्या मोटारीतून काढलेली तार फुकट देऊ केली तरी नको, ती कडक होऊन ओढताना तुटते. नव्या तारेवर इनॅमलचा थर असतो, त्यामुळे ती काळवंडत नाही आणि तिचा तपकिरी-लाल रंगही निम्फला शोभतो.

अंगासाठी गोणी शिवायची सुतळी. होय, तीच. तिचा रंग नदीतल्या किड्याच्या इतका जवळ जातो की विकतच्या डबिंगची, म्हणजे अंगावर गुंडाळायच्या तंतूंच्या भुग्याची, गरज पडत नाही. तिला तेलाचा वास असतो, म्हणून साबणाच्या कोमट पाण्यात धुवून वाळवा, सेंटिमीटरभर तुकडे करा आणि बोटांनी पिंजून काढा. त्यात गडद तपकिरी लोकर निम्म्याने मिसळा. मिसळण्यासाठी घरच्या चटणीच्या भांड्याला हात लावू नका. तंतू पात्याला गुंडाळले जातात आणि पुढचा आठवडा बोलणी खावी लागतात. बरणीत पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून दोन्ही तंतू टाका, झाकण लावून खळखळून हलवा, गाळा आणि वर्तमानपत्रावर वाळत घाला. एकजीव होतं.

शेपटीसाठी गावठी कोंबड्याच्या मानेची तपकिरी पिसं लागतात. कोंबडीवाल्याला आधी सांगून ठेवा. शाम्पूने धुवून, खडखडीत वाळवून ती पिशवीत बंद करा आणि काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे पिसांतले किडे मरतात. घरात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. रानपक्ष्यांची पिसं मात्र गोळा करू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे आणि त्याच्याशी खेळ करण्याइतकं या कामात काही अडत नाही.

दोरा फ्लाय बांधायचाच घ्या, ७० डेनियरचा. शिवणाचा दोरा जाड पडतो आणि चार वेढ्यांत गाठोडं होतं. गळ धरायला व्हाइस हवा. पैसे घालायचे असतील तर ते यात घाला. हात बसेपर्यंत हार्डवेअरच्या दुकानातला पिन व्हाइस टेबलाला क्लॅम्पने आवळूनही काम भागतं. दोऱ्याला बॉबिन, भरतकामाची टोकदार कात्री, पारदर्शक नेलपॉलिश, एक जुना टूथब्रश. बस्स.

बांधायला बसताना

पंखा बंद. सुतळीचा पिंजलेला भुगा पंख्याखाली क्षणभर टिकत नाही. ठाण्याच्या उकाड्यात हे ऐकायला सोपं आहे, म्हणून मी पहाटेची वेळ सुचवतो. समोर पांढरं ताट ठेवा आणि त्यात ओला नॅपकिन पसरा. मणी निसटला की टणाटण उड्या मारत कपाटाखाली जातो. ओल्या कापडावर पडला तर तिथेच बसतो.

पहिलं काम काट्याचं. छोट्या पकडीने गळाचा काटा दाबून सपाट करा. पकड टोकाच्या दिशेने धरून हळू दाबायची, आडवी धरून झटका दिला तर टोकच तुटतं. काटा दाबल्याने मणी सहज चढतो आणि सोडून द्यायचा मासा फारशी जखम न होता सुटतो.

आता मणी. फ्लायचा मणी असेल तर गळाचं टोक आधी बारीक भोकात घाला, म्हणजे मणी वाकावरून फिरून पुढे सरकल्यावर बारीक भोक गळाच्या डोळ्याकडे (दोर बांधायच्या कड्याकडे) येतं आणि रुंद भोक मागे शेपटीकडे राहतं. पुढे दोरा आणि तार त्या खोलगट भागात लपवायची आहे. उलटा घातलात तर मणी डोळ्यावरून पुढे घसरतो आणि गाठ मारायला जागा उरत नाही.

गळ व्हाइसमध्ये दांडा आडवा राहील असा पकडा. मणी पुढे ढकला. पितळी मणी असेल तर दांड्यावर ०.४ मिलिमीटरच्या जड तारेचे सहा-सात वेढे घाला आणि ते पुढे रेटून मण्याच्या खोलगट भोकात बसवा. मणी हलायचा थांबला पाहिजे. शिशाची तार वापरलीत तर नंतर हात साबणाने धुवा आणि ती लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. शिसं नसलेली तार मिळते, ती बरी. टंगस्टनच्या मण्यामागे ही तार लागत नाही, दोऱ्याचाच लहानसा उंचवटा करून मणी अडवा.

दोरा तारेच्या मागे सुरू करा. आपल्या बाजूने वर आणि पलीकडे खाली, अशी दोऱ्याची दिशा ठरवून घ्या आणि ती शेवटपर्यंत बदलू नका. तारेवरून दोन-तीन आडवेतिडवे वेढे, मग मागच्या टोकाशी दोऱ्याचा उतार करा, म्हणजे तार संपते तिथे पायरी दिसणार नाही. तिथून दोरा सपाट, शेजारी-शेजारी नेत वाक सुरू होतो तिथपर्यंत या.

शेपटीला पिसाचे चार ते सहा तंतू पुरे. टोकं सारखी जुळवून पिसापासून उपटा आणि दांड्यावर धरून बांधा. लांबी दांड्याइतकी किंवा थोडी कमी. बांधताना तंतू दोऱ्याच्या ओढीने पलीकडे घसरतात, म्हणून पहिला वेढा सैल टाकून सरळ वर ओढा आणि मगच आवळा. शेपटी मधोमध हवी, ती का हे पुढे कळेल.

तांब्याची तार बांधताना तिचं टोक जड तारेच्या वेढ्यांपर्यंत दांड्याला लावून आणा आणि सगळ्या लांबीवर दोऱ्याने झाका. शेपटीपाशीच तोडली तर तिथे गाठ दिसते आणि अंगाचा निमुळतेपणा जातो.

मग डबिंग. सगळ्यात जास्त निम्फ इथे बिघडतात, आणि कारण एकच: भुगा जास्त. चिमटीत घेतलात त्याच्या निम्मा परत ठेवा. जे उरलं त्यातलंही थोडं काढा. दोऱ्यावर भुगा ठेवून अंगठा आणि तर्जनीने एकाच दिशेने पिळा. मागे-पुढे चोळलं की पीळ सुटतो. दिव्याची वात वळतो तसं, पण वातीपेक्षा कितीतरी बारीक, दोऱ्याचा रंग मधूनमधून दिसेल इतपत. शेपटीपासून मण्याकडे वेढे घालत या, पुढे येताना किंचित जाड. मण्याच्या आधी दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडा.

तांब्याची तार आता उलट दिशेने, म्हणजे दोऱ्याच्या विरुद्ध फिरवा. चार-पाच वेढे, सारख्या अंतरावर. उलट फिरवल्याने ती भुग्यात रुतून नाहीशी होत नाही आणि माशाचे दात लागले तरी अंग सुटत नाही. मण्याजवळ दोऱ्याने आवळा आणि तार कात्रीने न कापता गोल गोल फिरवा. ती बुंध्यातून तुटते, टोक उरत नाही, आणि कात्रीची धारही वाचते.

राहिलेल्या जागेत भुग्याचा अजून एक छोटा वेढा, यावेळी जरा सैल आणि खरखरीत. हा छातीचा भाग. टूथब्रशने त्याचे तंतू खाली ओढा, ते पाय होतात. वर मात्र ब्रश फिरवू नका.

शेवट व्हिप फिनिश नावाच्या गाठीने. अवजार नसेल तर दोन बोटांवर दोऱ्याचा फास करा, दोऱ्याचं लोंबतं टोक दांड्याला समांतर धरा आणि फासाचा वरचा भाग त्या टोकावरून मण्यामागे चार-पाच वेळा फिरवा. मग टोक ओढलं की फास आत जातो. हे सुरुवातीला जमत नाही. तोवर रिकाम्या बॉलपेनची नळी घ्या, दोऱ्याचा वेढा तिच्यावर घेऊन नळी गळाच्या डोळ्यावर टेकवा आणि वेढा मण्यावरून मागे सरकवून आवळा. अशा तीन-चार साध्या गाठी टिकतात. नेलपॉलिशचा थेंब ब्रशने नव्हे, सुईच्या टोकाने लावा. डोळ्यात पॉलिश गेलं असेल तर ओलं असतानाच पिसाचा तंतू आरपार ओढा. तीर्थनच्या काठावर गारठलेल्या बोटांनी बुजलेला डोळा उघडणं फार चिडचिडीचं काम आहे.

पाण्यात सोडून बघा

दोन लिटरच्या बाटलीचं तोंड कापा, पाणी भरा आणि निम्फ सोडा. आधी बोटाने दाबून भिजवा, नाहीतर भुग्यात अडकलेली हवा त्याला तरंगवते. चांगला निम्फ मण्याच्या बाजूने, नाक खाली करून सरळ उतरतो. गिरक्या घेत उतरला तर शेपटी एका बाजूला गेलेली आहे. नदीत असा निम्फ लीडरला, म्हणजे तो बांधलेल्या बारीक पारदर्शक दोरीला, पीळ घालतो. मध्येच रेंगाळला तर भुगा जास्त झाला. पितळी आणि टंगस्टनचा, एकाच मापाचे दोन निम्फ बरोबर सोडा. काचेतून बघितल्यावर दोघांतला फरक एकदा डोळ्यांत भरला की पुढे वजनाबद्दल कोणी काही सांगायला लागत नाही.

नदीवर गेल्यावर हे दोन निम्फ ओळखायचे कसे, हा प्रश्न उरतो. वाळलेल्या डब्यात दोन्ही मणी सारखेच सोनेरी. म्हणून छातीपुढे दोऱ्याचा रंगीत पट्टा ठेवा: पितळेला तपकिरी, टंगस्टनला नारंगी. माशाला नारंगी आवडतो असंही म्हणतात, पण मला तो ओळखीसाठीच हवा असतो.

हात बसल्यावर जिग गळ (डोळ्यापाशी वाकवलेले) आणि खाचेचे टंगस्टन मणी घ्या. त्यात गळाचं टोक वर राहतं आणि दगडांत अडकणं बरंच कमी होतं. बांधणीत फरक मण्याची खाच नीट बसवण्याचा, बाकी पायऱ्या त्याच.

ठाण्याची हवा गळांना गंज चढवते, तेव्हा डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि नदीवरून आल्यावर डबा रात्रभर उघडा ठेवा. सराव करायचा तर परवानगी घेऊन कर्जत-बदलापूरकडच्या एखाद्या खासगी तळ्यावर तिलापियावर करता येतो. तिलापिया सोळा नंबरचा निम्फ आनंदाने घेतो.

तीर्थनसाठी निघताना मी म्हणेन १४ नंबरचे बारा पितळी, बारा टंगस्टन, आणि १६ चे आठ-आठ. गुडघाभर पाण्याला पितळी, कमरेइतक्या धारेला टंगस्टन. इंडिकेटर, म्हणजे मासा लागल्याचं दाखवणारा तरंगता गोळा, निम्फपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट वर बांधा आणि निम्फ कधीमधी तळाला टेकतोय याची खात्री करा. वीस फेकांत एकदाही टेकला नाही तर जड निम्फ लावा. हिमाचलच्या मत्स्य विभागाचं लायसन्स काढताना त्यावरच्या अटी वाचा, काही पट्ट्यांना वेगळे नियम असू शकतात. विमानाने जात असाल तर कात्री, पकड आणि निम्फचा डबा चेक-इन बॅगेत टाका. सिक्युरिटीवाल्यांना मण्यांची गोष्ट समजावत बसायला वेळ नसतो.